बाळकुमची येलबन

अमृता शेजवळला माजिवड्याच्या वेल्बर्न गाड्यांच्या शोरूममध्ये लागून महिनाही झाला नव्हता, आणि तिच्या वाट्याला आलेलं पहिलं गिऱ्हाईक गाडी घ्यायला नाही, तक्रार करायला आलं.

रविवारची सकाळ होती. चर्चमधून थेट इकडेच आलेलं दिसावं असं एक वयस्कर जोडपं काचेचं दार ढकलून आत शिरलं. गृहस्थांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत काळे बूट. बाई फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये, पर्स पोटाशी धरून, आपल्याला इथे यायचंच नव्हतं असा चेहरा करून. गृहस्थांनी मधोमध उभ्या असलेल्या निळ्या वेल्बर्नला हात मागे बांधून एक फेरी घातली, बॉनेटवरच्या चांदीच्या बगळ्याकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "कंपनीचं माणूस कोण इथे?"

"मी अमृता. बोला ना सर."

"मी फिलिप. बाळकुमचा. ही माझी मिसेस, विनिफ्रेड. मला कंपनीची कंप्लेंट करायची आहे. तुमची गाडी बंद पडते."

"कुठलं मॉडेल सर? कधी घेतलेलं?"

"मी नाही घेतलेलं. माझा बा चालवायचा. शेटची गाडी."

"बरं. आणि बंद कधी पडली?"

फिलिपनी बायकोकडे बघितलं, मनाशी काही हिशेब केला. "मी चौथीत होतो. म्हणजे बघ, साठ-एकसष्ट साल असेल."

दार कसं उघडून धरायचं, किमतीचा विषय आपण होऊन कसा काढायचा नाही, कॉफीचा कप कुठल्या बाजूने द्यायचा, हे सगळं अमृताला ट्रेनिंगमध्ये घोटून घोटून शिकवलेलं. साठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गाडीचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. तिने दोघांना सोफ्यावर बसवलं.

मग फिलिपनी सगळं सांगितलं. त्यांचा बाप पास्कू हा ठाण्याच्या एका शेटकडे ड्रायव्हर होता. शेटचा बंगला ठाण्यात, कापडाचे माग भिवंडीला. रोज सकाळी गाडी बाळकुमवरून जायची. शेटला भिवंडीत सोडलं की दुपारी पास्कू डबा आणायला रिकाम्या गाडीने ठाण्याला यायचा, आणि नेमकी त्या फेरीत गाडी बाळकुम नाक्याच्या आसपास बंद पडायची. महिन्यातून कितीदा तरी. मग गावातली पोरं ढकलायला धावायची. गावातल्यांच्या तोंडात वेल्बर्न हा शब्द बसेना, त्यांनी त्याचं येलबन केलं. पुढे पुढे दिसायला मोठं आणि कामाला शून्य असं काहीही बाळकुममध्ये येलबन ठरलं. आळशी बैल येलबन, बसून खाणारा जावई येलबन.

"शेट वैतागला. गाडी विकून टाकली, आणि बाला पण काढलं," फिलिप म्हणाले. "म्हणे, गाडी नीट ठेवत नाहीस. नंतर बा रेतीच्या होडीवर जायचा. त्यातच गेला. आम्ही पोरांनी गाडी ढकलली पुष्कळ, आत मात्र कोणी बसू दिलं नाही. आता जमिनीचे टॉवर झाले, मुलाचं केटरिंग चांगलं चाललंय. मला ही गाडी घ्यायची आहे. पण आधी कंपनीने सांगावं, चूक बाची नव्हती. गाडीची होती."

"सकाळपासून हेच चाललंय," विनिफ्रेड म्हणाल्या. "मी म्हटलं चला, एसीत तरी बसू."

अमृताने तिला येत होतं ते केलं. तिने इतिहास सांगायला घेतला. हा इतिहास ती फार छान सांगायची, ट्रेनिंगमध्ये तिचं त्याबद्दल कौतुक झालेलं. इंग्लंडातल्या एका लहान गावातला आर्थर वेल्बर्न, त्याची आजारी आई, तिला घोडागाडीतले हादरे सोसायचे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं तिचं घराबाहेर पडणं बंद झालेलं. मग मुलाने तिच्यासाठी गाडी बनवली. इतकी अलगद, की म्हातारी खाडीकाठी जाऊन बगळे बघून आली आणि आपण कधी निघालो नि कधी पोचलो हे तिला कळलंच नाही. म्हणून गाडीवर बगळा. म्हणून कंपनीचं वाक्य, 'आईसाठी घडवलेली'.

फिलिपनी मन लावून ऐकलं. "आईसाठी बनवली," ते म्हणाले. "मग आमच्याकडे येऊन बंद का पडायची?"

अमृता विनीत सरांच्या केबिनमध्ये गेली. विनीत सर शोरूमचे प्रमुख. त्यांनी लॅपटॉपवरून नजर न काढता ऐकलं.

"लिहून घे. आणि सॉरी म्हणू नकोस, सॉरी म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं. तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, असं म्हण. टेस्ट ड्राइव्ह दे."

तिने तसंच केलं. पुढच्या रविवारी टेस्ट ड्राइव्ह ठरली. जाताना फिलिपनी विचारलं, "मग कंपनीकडून उत्तर कधी येईल?" अमृता म्हणाली, "येईल सर." आणि आपण असं का म्हणालो, ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी कल्याणला कोळसेवाडीतल्या घरी पोचल्यावर तिने फोन काढला आणि जुन्या वेल्बर्नमध्ये खरंच असा काही दोष होता का, ते शोधायला बसली. दोषाचं काही सापडलं नाही. पण दुसरंच काही सापडलं. आर्थर वेल्बर्नची कंपनी तिच्या जन्माच्या कितीतरी आधी बुडालेली. कारखाना पाडून तिथे घरं झालेली. नाव तेवढं शिल्लक राहिलं, ते पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीने विकत घेतलं, तिने ते पुढे विकलं, आणि असं हातोहात फिरत फिरत काही वर्षांपूर्वी ते तिसऱ्याच देशातल्या कोणा गुंतवणूकदारांकडे आलं. आताची वेल्बर्न चौथ्याच ठिकाणी बनत होती, सांगाडा आणि इंजिन दुसऱ्या कंपनीचं. आणि आर्थरच्या आईबद्दल एकाने लिहिलेलं, की तो लहान असतानाच ती वारलेली.

दुसऱ्या दिवशी तिने विनीत सरांना गाठलं.

"मग?" विनीत सर म्हणाले. "नाव ओरिजिनल आहे ना?"

"पण सर, आपण एकशे दहा वर्षांची परंपरा म्हणतो."

"परंपरा कोण चालवतंय याला महत्त्व नसतं, अमृता. ती चालू आहे याला असतं. आणि हे सगळं नेटवर आहे, कोणी लपवलेलं नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांग की. कोणी विचारत नाही."

केबिनमध्ये बसलेली असताना तिला हे पटलं. जिना उतरून खाली येईपर्यंत पटेनासं झालं.

घरी तिने पप्पांना विचारलं. महेंद्र शेजवळ डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला होते. ते जेवता जेवता हसले. "आमच्याकडे उलटंय बघ. मी लागल्यापासून गेटवरची पाटी कितीदा बदलली. आत माणसं तीच, भट्ट्या त्याच, वास पण तोच."

"मग कंपनी तीच आहे की वेगळी?"

"आपण काही मागायला गेलो की वेगळी. काम वाढवून द्यायचं असलं की तीच."

"सरळ सांगा ना पप्पा."

"सरळ असतं तर सांगितलं नसतं का? तुझ्या आजोबांनी मुंबईत आल्यावर आडनाव बदललं. आता सांग, माणूस तोच की दुसरा?"

"तोच," अमृता म्हणाली.

"दुसरा," तिची आजी कांताबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "तोच राहायचं असतं तर बदललं कशाला असतं?"

पप्पांनी मान डोलावली. ती कोणाच्या बाजूने डोलावली ते अमृताला कळलं नाही. ती ताट उचलून उठली. विचारायच्या आधी निदान एकच प्रश्न डोक्यात होता, आता दोन झाले.

रविवारी फिलिप आणि विनिफ्रेड मागच्या सीटवर बसले. गाडी शोरूमचा ड्रायव्हर दिपेश चालवत होता, अमृता त्याच्या शेजारी. बाळकुमला जायचं, एवढंच फिलिपनी सांगितलेलं. गाडी खरोखरच अलगद चालत होती. नाक्यावर आल्यावर ते म्हणाले, "हळू घे. इथेच बंद पडायची." दिपेशने हळू घेतली. टॉवरांच्या गेटांमधून, मग जुन्या गावातल्या क्रॉसपाशी, तिथून अरुंद गल्लीत. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. "फिलिप, येलबन घेतलीस काय?"

फिलिपनी हात हलवला, पण ते हसले नाहीत. गाडी वळवून परत नाक्यावर आली तेव्हा म्हणाले, "एवढंच?"

"काय सर?"

"आत बसल्यावर एवढंच वाटतं? मला वाटलेलं, काहीतरी होईल." त्यांनी सीटवरून हात फिरवला. "असो. कंपनीचं उत्तर आलं काय?"

आता मात्र अमृताला राहवलं नाही. ती मागे वळली. "अंकल, उत्तर येणार नाही. म्हणजे, द्यायला कोणी नाही. ज्यांनी तुमच्या शेटची गाडी बनवलेली ती कंपनी केव्हाच बंद झाली. ह्यांनी फक्त नाव घेतलंय."

दिपेशने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने समोर बघायला लागला.

"फक्त नाव?" फिलिप म्हणाले.

"हो. आणि बगळा."

"मग मी आत्ता कुठल्या गाडीत बसलोय?"

"वेल्बर्नच आहे ही. पण ती नाही."

"मग माझी कंप्लेंट कोणावर?"

विनिफ्रेड इतका वेळ खिडकीबाहेर बघत होत्या, त्या तशाच म्हणाल्या, "मला तर वाटतं शेटची गाडी येलबन नव्हतीच. मी लग्न होऊन आले तेव्हा तुमची आई सांगायची, अमेरिकन होती. तुमच्या गावात कोणतीही मोठी गाडी येलबनच."

"काहीतरीच काय," फिलिप म्हणाले. "मी ढकलली आहे ना ती."

"ढकलताना मागून ढकलता. नाव पुढे असतं."

गाडी शोरूमला परतली. उतरताना फिलिपनी अमृताला विचारलं, "तू मला गाडी घेऊ नको सांगतेस काय?"

"नाही अंकल. मला माहीत नाही मी काय सांगतेय ते."

"ते पण बरोबर आहे," ते म्हणाले आणि बायकोमागून रिक्षाकडे गेले.

तीन-चार दिवसांनी अमृताला फोन आला. फिलिपचा मुलगा मार्विन. आवाज चढलेला नव्हता, पण त्रासलेला होता. "मॅडम, तुम्ही पप्पांना काय सांगितलंत? ते सगळ्या गावात विचारत फिरतायत, शेटची गाडी कुठली होती, शेटची गाडी कुठली होती. एक म्हणतो काळी, एक म्हणतो हिरवी. एकाने तर जीप सांगितली. जेवणावर पण लक्ष नाही त्यांचं."

"सॉरी," अमृता म्हणाली आणि जीभ चावली.

"आता कोणीतरी शांताबाई म्हणून आहे. आधी आमच्याच गावात होती, आता कळव्याला मुलीकडे असते. तिला माहीत असेल म्हणतात. पप्पांना तिथे तुमच्याच गाडीने जायचंय. तिला गाडी दाखवून विचारणार. प्लीज, एकदा द्या आणि हे संपवा."

विनीत सरांनी होकार दिला. गिऱ्हाईक अजून हातचं गेलेलं नाही, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं.

कळव्याला खारेगावच्या बाजूला एका बैठ्या घरासमोर वेल्बर्न थांबली. दारात नयनताई उभ्या होत्या, शांताबाईंची मुलगी, बालवाडीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. शांताबाई आत खाटेवर बसलेल्या, नऊवारीचा पदर डोक्यावर, कानाने थोड्या कमी ऐकणाऱ्या पण नजर स्वच्छ. त्यांनी फिलिपकडे बघितलं मात्र आणि म्हणाल्या,

"पास्कू डायवरचा पोर ना तू? तोंड बाचंच हाय."

फिलिप खुर्चीत बसले. "काकी, बाहेर गाडी उभी आहे ती बघा खिडकीतून. शेटची गाडी अशीच होती काय? पुढे बगळा होता काय?"

शांताबाईंनी मान लांब करून बघितलं. "बगला कोन बघतंय रं? चार चाकं व्हती. काली व्हती." मग म्हणाल्या, "नायतर हिरवी."

विनिफ्रेडनी अमृताकडे बघितलं. फिलिप पुढे सरकले. "जी सारखी बंद पडायची ती गाडी, काकी. आम्ही ढकलायचो ती."

"बंद?" शांताबाई म्हणाल्या. "बंद कवाच नाय परली ती."

फिलिपना वाटलं काकींना नीट ऐकू गेलं नसेल. त्यांनी मोठ्याने परत विचारलं. शांताबाईंनी हात झटकला.

"आयकलं मी. बंद नाय परायची. तुजा बा दुपारचा रिकामी गारी घेऊन यायचा. गावान कोन आजारी असंल, कोना बाईचे दिवस भरले असतील, त्याला गारीन घालायचा नं ठान्याला इस्पितलान नेऊन सोरायचा. मंग उशीर व्हायचा. शेटला सांगायचा, गारी बंद परली."

"पण आम्ही ढकलायचो," फिलिप म्हणाले. "मी स्वतः ढकलली आहे."

"शेटचा मुनीम यायचा ना सायकलीवर बघाया. त्याला दिसावं म्हून. पास्कू आत बसून बिरेक दाबायचा नं तुमी पोरं बाहेरून जोर लावायचात. आमी बाया पदर तोंडाला लावून हसायचो." त्यांनी नयनताईंकडे बोट दाखवलं. "ही त्याच गारीन जाली. इस्पितलाच्या दारापरयंत पन दम नाय निघाला."

नयनताई खाली बघून हसल्या. त्यांना हे ठाऊक होतं असं दिसलं.

अमृताच्या मनात आर्थर वेल्बर्नची आई येऊन उभी राहिली. तिला राहवेना. तिने विचारलं, "आजी, गाडीत हादरे नाही ना बसले तुम्हाला? अलगद गेली असेल."

"हादरे? आतरी गल्यान आली व्हती," शांताबाई म्हणाल्या. "रस्ता व्हताच कुटं तवा."

"पण शेटला खरं सांगितलं असतं तर?" अमृता म्हणाली.

"शेट देनार व्हता व्हय गारी? आमच्या अंगाचा वास लागंल म्हून पास्कूला नंतर शीट पुसायला लागायची, खोबऱ्याचं तेल लावून."

फिलिपनी पाणी मागितलं. नयनताईंनी तांब्या-भांडं आणून दिलं. ते घोट घोट प्याले, भांडं जमिनीवर ठेवलं आणि म्हणाले, "मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तू लहान व्हतास. गावभर सांगितलं असतंस."

"मोठा झाल्यावर?"

"मोठेपनी तू कवा आलास इचाराया?"

परतीच्या वाटेवर गाडीने खाडीचा पूल ओलांडला. मग फिलिपनी मागून अमृताच्या खांद्याला बोट लावलं. "माझी कंप्लेंट लिहून घेतलेलीस ना? ती परत घे. गाडी चांगली होती."

"घेते. पण अंकल, ती वेल्बर्न होती का, तेच अजून..."

"हां. ते पण आहे." ते पुन्हा मागे टेकले. थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, म्हणाले, "आणि बा खोटं बोलायचा."

"गावासाठी बोलायचे," विनिफ्रेड म्हणाल्या.

"खोटंच ना पण. त्यापायी नोकरी गेली. त्याची त्यानेच घालवली, आणि मी एवढी वर्षं गाडीला शिव्या घातल्या. आई पण घालायची." त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "तिला माहीत असेल काय? की तिला पण नाही सांगितलं?"

विनिफ्रेडनी त्यांचा हात धरला. आता फिलिप गाडी घेणार नाहीत, असं अमृताला वाटलं. राग धरायला जी गाडी होती तीच उरली नव्हती.

पण पुढच्याच महिन्यात त्यांनी गाडी घेतली. निळीच. मार्विन किल्ली घ्यायला बरोबर आलेला, तो सारा वेळ घड्याळाकडे बघत होता. अमृताने फिलिपना हळूच विचारलं, "अंकल, आता का घेतलीत?"

"मार्विन पण हेच विचारतोय," ते म्हणाले. "मला कळलं की तुम्हा दोघांना सांगतो."

त्या दिवशी विनीत सरांनी अमृताला केबिनमध्ये बोलावून तिच्यासाठी पेढे मागवले. तिची पहिली विक्री. गिऱ्हाईक कशाने वळलं, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. अमृता खुशीत होती, तिने सगळं सांगितलं. पास्कू, मुनीम, ब्रेक, शांताबाई, नयनताईंचा जन्म. गाडी कुठली होती ते नक्की कळलेलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं. विनीत सर ऐकता ऐकता लॅपटॉपवर काहीतरी टिपत होते.

मग दिवाळी झाली, आणि एका दुपारी फिलिप गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला घेऊन आले. गाडी आत गेली, ते सोफ्यावर बसले. समोरच्या भिंतीवर नवा मोठा स्क्रीन लागलेला. त्यावर एका तरुण बाईचा फोटो होता, कुशीत बाळ, मागे धूसर खाडी, आणि वर अक्षरं, 'ठाण्यातील एक आई'. खाली मजकूर सरकत होता. १९६१ साल. गावातली एक अवघडलेली बाई. ही बातमी कानावर पडताच एका दिलदार उद्योगपतीने आपली वेल्बर्न तात्काळ पाठवून दिली. निष्ठावान चालकाने इतक्या अलगद गाडी नेली की आईला एकही हादरा जाणवला नाही.

अमृता तो स्क्रीन दोन दिवस बघत होती. बघून काय करावं ते तिला सुधरत नव्हतं. आता फिलिप तो वाचू लागले. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"चांगला दिसतो हा शेट," फिलिप म्हणाले. "आमचा असा नव्हता. ठाण्यात हे कुठे झालेलं?"

"अंकल," अमृता म्हणाली, "ही शांताबाईंची गोष्ट आहे. मीच सरांना सांगितलेली. मला नव्हतं माहीत ते असं करतील."

फिलिपनी तिच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. मजकूर फिरून पहिल्यापासून सुरू झालेला. या वेळी त्यांनी तो ओठ हलवत, शब्द शब्द वाचला.

"म्हणजे शेटने गाडी पाठवलेली?" ते म्हणाले.

"नाही अंकल. असं फक्त इथे लिहिलंय."

"असेल पण. शेटने सांगितलं असेल बाला, जा म्हणून. म्हातारीला कसं कळणार? ती तर पोटाला धरून होती." त्यांचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे बा खोटं नाही बोलला मग. विचारून गेलेला."

अमृताला हो म्हणणं फार सोपं होतं. फिलिपना बरं वाटलं असतं, कंपनीला तर हवंच होतं, आणि तिथे हजर असलेलं त्या वेळचं कोणी उरलं नव्हतं, एक शांताबाई सोडली तर. तिने स्क्रीनवरच्या त्या बाईकडे बघितलं. बाई कुठल्या देशातली होती तेही सांगता येत नव्हतं.

"नाही अंकल," ती म्हणाली. "विचारलं नव्हतं. सीट खोबरेल तेलाने पुसायला लागायची, विसरलात का? विचारून नेली असती तर कशाला पुसली असती?"

फिलिपनी मान हलवली. "हां. पुसायचा. घरी यायचा तेव्हा त्याच्या हाताला खोबऱ्याचा वास असायचा." ते थांबले. "मला वाटायचं, शेटच्या घरी काही गोडधोड मिळत असेल."

त्यांनी सोफ्यावरून उठून एक खुर्ची घेतली, स्क्रीनकडे पाठ होईल अशी वळवली आणि गाडीची वाट बघत बसले. अमृताने त्यांना कॉफी आणून दिली आणि ती जिना चढून विनीत सरांच्या केबिनकडे निघाली. तिथे जाऊन काय बोलायचं, ते मात्र तिचं अजून ठरलेलं नव्हतं.